एकच पदार्थ, हवा तो रंग: क्वांटम डॉट समजून घेताना

टीव्हीच्या खोक्यावर 'क्यूएलईडी' असं ठळक छापलेलं असतं. त्यातला 'क्यू' म्हणजे क्वांटम, एवढं जाहिरात सांगते आणि थांबते. २०२३ साली मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिककणांचा, शोध आणि निर्मिती यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा बातम्यांमध्ये लालपासून निळ्यापर्यंत झगमगणाऱ्या द्रावणांच्या बाटल्या दिसल्या. (अधिकृत घोषणेच्या काही तास आधीच नावं फुटली होती, त्यामुळे विज्ञानाइतकीच त्या गळतीचीही चर्चा झाली.) त्या बाटल्यांबद्दलची खरी गंमत मात्र बऱ्याच बातम्यांच्या गर्दीत हरवली. अशा सगळ्या बाटल्यांमध्ये पदार्थ एकच असू शकतो. रंगद्रव्य मिसळलेलं नाही, रसायन बदललेलं नाही. वेगळा आहे तो फक्त कणांचा आकार, म्हणजे ते किती लहान-मोठे आहेत ते.

शाळेत आपण शिकलो की रंग, घनता, वितळण्याचं तापमान हे पदार्थाचे गुणधर्म. तुकडा लहान असो की मोठा, ते तेच राहतात. काही नॅनोमीटरच्या पातळीवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) हा नियम लागू पडत नाही. का, ते समजलं की टीव्हीपासून क्वांटम कॉम्प्युटरपर्यंत या ठिपक्यांचं नाव सगळीकडे का ऐकू येतं तेही कळतं. आणि ते बनवणं इतकं जिकिरीचं का, हेही.

आधी अर्धवाहक

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, म्हणून वीज वाहते. काचेत ते अणूंना घट्ट बांधलेले असतात. अर्धवाहकात, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये, ते बांधलेले असतात खरे, पण ठरावीक ऊर्जा मिळाली की सुटतात. सुटण्यासाठी लागणारी ही किमान ऊर्जा म्हणजे बँड गॅप. सिलिकॉनची गॅप सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, कॅडमियम सेलेनाइडची साधारण १.७४. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे ऊर्जेचं फार छोटं एकक, इथे फक्त तुलनेसाठी.)

प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, गॅपपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर तो शोषला जातो आणि इलेक्ट्रॉन वर उचलला जातो. मागे त्याची रिकामी जागा उरते. तिला होल म्हणतात. थोड्या वेळाने इलेक्ट्रॉन पुन्हा खाली येऊन होलला भेटतो, आणि मधली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडू शकते. गॅप मोठी असेल तर प्रकाश निळ्याकडे झुकतो, लहान असेल तर लालकडे. एलईडीचा रंग ठरतो तो असाच. म्हणून एरवी दुसरा रंग हवा तर दुसरा पदार्थ शोधावा लागतो, आणि निळ्या एलईडीसाठी योग्य पदार्थ वठणीवर आणण्यात संशोधकांची कित्येक वर्षं गेली.

जागा आखडली की

इलेक्ट्रॉन म्हणजे नुसती गोळी नव्हे. त्याची वागणूक लहरीसारखीही असते. मोठ्या स्फटिकात त्या लहरीला पसरायला भरपूर जागा असते, त्यामुळे स्फटिक सेंटिमीटरचा असो की मायक्रॉनचा, तिला फरक पडत नाही. कॅडमियम सेलेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी साधारण दहा नॅनोमीटरची जागा व्यापते. स्फटिकच त्याहून लहान केला, पाच किंवा तीन नॅनोमीटरचा, तर लहरीची कोंडी होते.

सतारीची तार पडद्यावर दाबून तिची कंप पावणारी लांबी कमी केली की सूर चढतो. तार तीच, तिचा ताण जवळजवळ तोच, फक्त लहरीला मिळणारी जागा कमी झाली. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच आहे. जागा जितकी कमी, तितकी त्याची किमान ऊर्जा जास्त. फरक एवढाच की तार अर्धी केली तर कंपनसंख्या दुप्पट होते. इलेक्ट्रॉनची जागा अर्धी केली तर कोंडीमुळे येणारी ऊर्जा ढोबळमानाने चौपट होते. ही ऊर्जा मूळच्या गॅपमध्ये मिळवली जाते. (इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यातून थोडी वजाही होते. पण लहान कणात कोंडीच भारी पडते.)

परिणाम डोळ्यांना दिसतो. कॅडमियम सेलेनाइडचा सहा नॅनोमीटरच्या आसपासचा कण लाल चमकतो, तीनच्या आसपासचा हिरवा, आणि दोनच्या जवळ गेलं की रंग निळ्याकडे सरकतो. असा कण म्हणजे काहीशे ते काही हजार अणूंचा स्फटिक. हाच क्वांटम डॉट.

काच, बाकावरची बाटली आणि एक सिरिंज

पदार्थ इतका लहान केला तर असं काहीतरी घडेल, हे भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रोलिक यांनी १९३७ सालीच मांडलं होतं. पण कागदावरची ही गोष्ट प्रत्यक्षात करून पाहण्याची साधनं नव्हती.

लेनिनग्राडमधल्या वाविलोव्ह ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये एकिमोव्ह रंगीत काचेवर काम करत होते. काचेत तेच द्रव्य असलं तरी ती किती तापवली आणि कशी थंड केली यावर रंग बदलतो, हे काच बनवणाऱ्यांना ठाऊक होतं; कारण ठाऊक नव्हतं. एकिमोव्हनी काचेत कॉपर क्लोराइड घातलं आणि ती ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापवली. काचेच्या आत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक तयार झाले, कुठे दोन नॅनोमीटरचे, कुठे तीसचे. स्फटिक जितके लहान, तितका त्यांनी शोषलेला प्रकाश निळ्याकडे सरकलेला. हे १९८१ साली सोव्हिएत नियतकालिकात छापून आलं, आणि पाश्चात्त्य जगाला त्याचा फारसा पत्ता लागला नाही.

अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ब्रूस कॅडमियम सल्फाइडचे कण द्रावणात तयार करत होते. त्यांचा हेतू निराळाच होता, सूर्यप्रकाश वापरून रासायनिक क्रिया घडवण्याचा. द्रावण बाकावर तसंच ठेवलं की त्याचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कण आपोआप वाढत होते. ताजे कण सुमारे साडेचार नॅनोमीटरचे होते, वाढलेले साडेबारा. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडसारखे वागत होते, लहान कणांचं शोषण निळ्याकडे सरकलेलं होतं. हे १९८३ चं काम. एकिमोव्हच्या काचेबद्दल ब्रूस यांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

दोन्हीकडे अडचण एकच होती. काचेतले कण बाहेर काढून हाताळता येत नव्हते आणि द्रावणातले एकसारखे निघत नव्हते. आकारावर सगळं अवलंबून असेल आणि आकारच हातात नसेल, तर तत्त्व सिद्ध होतं, वस्तू बनत नाही.

ती कोंडी बावेंडी यांच्या अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या गटाने १९९३ साली फोडली. पद्धत ऐकायला सोपी आहे. काचेच्या चंबूत एक जड, उच्च तापमानाला टिकणारा सेंद्रिय द्रव असतो, हवा काढून टाकलेला, ३०० अंशांच्या आसपास तापवलेला आणि सतत ढवळला जाणारा. त्यात कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगं सिरिंजने एका झटक्यात सोडायची. क्षणभर द्रावणात त्यांची इतकी गर्दी होते की असंख्य स्फटिकांची बीजं एकाच वेळी पडतात. थंड द्रव आत आल्याने तापमान लगेच खाली येतं आणि नवी बीजं पडणं थांबतं. पुन्हा हळूहळू तापवलं की आधीचीच बीजं, सगळी बरोबरीने, वाढू लागतात. सगळ्यांचा जन्म एका क्षणाचा असल्यामुळे आकारही जवळजवळ सारखा राहतो. मधून मधून थेंबभर नमुना काढून अतिनील दिव्याखाली धरला की वाढ दिसते: हिरवा, मग पिवळा, नारिंगी, लाल. हवा तो रंग आला की वाढ थांबवायची. नंतर आकारानुसार वेगळे काढण्याची एक पायरी केली की व्यासातला फरक पाच टक्क्यांच्या आत येतो. पाच टक्के म्हणजे सहा नॅनोमीटरच्या कणात अणूच्या एका थराएवढा फरक.

मला या सगळ्या कहाणीत नोबेलला सर्वांत पात्र वाटते ती ही सिरिंज. पूर्वीच्या दोघांनी निसर्गाचा नियम दाखवला. इथून पुढे तो नियम कुठल्याही चांगल्या रसायनशाळेत वापरता येऊ लागला.

'मग हे नवं रंगद्रव्यच झालं ना?'

असं वाटणं साहजिक आहे. पण नेहमीच्या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा रंग त्याच्या रेणूच्या रचनेत कायमचा लिहिलेला असतो, आणि ते ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतं. क्वांटम डॉटला गॅपहून जास्त ऊर्जेचा कुठलाही प्रकाश चालतो, आणि बाहेर पडतो तो मात्र अगदी नेमक्या रंगाचा. त्यामुळे निळ्या किंवा अतिनील प्रकाशाच्या एकाच दिव्याखाली पाच वेगळ्या आकारांचे डॉट ठेवले तर पाच स्वच्छ रंग एकाच वेळी मिळतात. शिवाय अनेक सेंद्रिय रंगद्रव्यं प्रखर प्रकाशात लवकर विटतात, डॉट बराच काळ तग धरतात.

जुन्या प्रार्थनास्थळांच्या लाल काचांतही नॅनोकण असतात, मग यात नवं ते काय, असा प्रश्न हमखास येतो. त्या काचांत सोन्याचे किंवा तांब्याचे कण असतात. धातूच्या कणांत मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर सामूहिकपणे डोलतात आणि त्यातून रंग येतो. ती वेगळी भानगड आहे. लहरीच्या कोंडीशी तिचा संबंध नाही.

खरं दुखणं पृष्ठभागाचं

'क्वांटम' या शब्दाचा दबदबा मोठा असला तरी गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रातला बराच घाम गाळला गेला तो साध्या, अगदी जुन्या प्रश्नावर: कणाच्या बाहेरच्या अणूंचं काय करायचं?

स्फटिकाच्या आतला प्रत्येक अणू चारी बाजूंनी बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूचे काही बंध लोंबकळत राहतात. मोठ्या तुकड्यात असे अणू नगण्य असतात. तीन नॅनोमीटरच्या कणात ते एकूण अणूंचा फार मोठा हिस्सा असतात. वर गेलेला इलेक्ट्रॉन या लोंबत्या बंधांत अडकतो, आणि त्याची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन वाया जाते. म्हणूनच सुरुवातीचे डॉट रंगाने सुंदर असले तरी प्रकाशाने मिणमिणते होते.

उपाय निघाला तो कवचाचा. कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचा पातळ थर चढवायचा. झिंक सल्फाइडची गॅप बरीच मोठी असल्याने इलेक्ट्रॉन आणि होल गाभ्यातच राहतात आणि पृष्ठभागापर्यंत पोचत नाहीत. १९९६ साली अशा कणांनी शोषलेल्या दर शंभर फोटॉनमागे पन्नास परत दिले. आज उत्तम डॉटमध्ये हा आकडा शंभराच्या जवळ आहे.

कवचावर आणखी एक आवरण असतं, लांब शेपटीच्या सेंद्रिय रेणूंचं. त्यांच्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि द्रावणात तरंगत राहतात. पण हे रेणू विजेला अडवतात. नुसता प्रकाश घ्यायचा आणि प्रकाश द्यायचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. सौर घट किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर करायचा असेल, म्हणजे कणांतून वीज बाहेर काढायची असेल, तर हेच आवरण काढून तिथे आखूड रेणू बसवावे लागतात, तेही पृष्ठभागाला धक्का न लावता. कुठला उपयोग बाजारात आधी आला आणि कुठला मागे राहिला, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

टीव्हीत हे ठिपके कुठे असतात?

'क्यूएलईडी' नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक टीव्हींत क्वांटम डॉट स्वतः चित्र काढत नाहीत. तो टीव्ही मुळात एलसीडीच असतो: मागे दिवा, पुढे प्रकाश अडवणाऱ्या द्रव स्फटिकांची जाळी आणि तिच्यावर लाल-हिरवे-निळे गाळणे. साध्या एलसीडीत मागचा पांढरा प्रकाश निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या द्रव्याचा) लेप देऊन मिळवतात. त्यात मधल्या सगळ्या छटांचा काला असतो, आणि गाळण्याने कितीही गाळला तरी लाल पूर्ण शुद्ध लाल येत नाही.

डॉट वापरले की फॉस्फर जातो. मागे निळे एलईडी, त्यांच्यापुढे लाल आणि हिरव्या डॉटची फिल्म. काही निळा प्रकाश तसाच पार जातो, बाकीचा शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्यात बदलतो. गाळण्यांना आता टाकून द्यायला कमी उरतं, म्हणून रंग गडद येतात आणि प्रकाशही कमी वाया जातो. सोनीने २०१३ मध्ये डॉट वापरलेले टीव्ही आणले, सॅमसंगने २०१५ मध्ये कॅडमियम नसलेले. पण काळा रंग किती काळा दिसतो, हे डॉटवर अवलंबून नाही. ते मागचा दिवा किती नेमका विझवता येतो यावर आहे.

२०२२ पासून मिळणारी 'क्यूडी-ओएलईडी' ही निराळी रचना. तिथे प्रत्येक बिंदूचा स्वतःचा निळा ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थाचा स्वतः प्रकाशणारा बारीक दिवा, असतो आणि लाल-हिरव्या बिंदूंवर डॉटचा थर. विजेवर थेट स्वतः प्रकाशणारे डॉट, म्हणजे नावाला जागणारा क्यूएलईडी, हे संशोधकांचं पुढचं लक्ष्य आहे. लाल आणि हिरवे डॉट बरेच टिकाऊ झाले आहेत. निळा अडून बसला आहे: तो लवकर थकतो.

'कॅडमियम तर विषारी!'

आहेच. युरोपीय संघाच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या एकसंध भागात कॅडमियमची मर्यादा वजनाने ०.०१ टक्का आहे. पडद्यांतल्या डॉटना काही काळ त्यातून सवलत होती. टीव्हीतले डॉट बंद फिल्ममध्ये असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला धोका नाही. काळजी आहे ती बनवणाऱ्या कामगारांची आणि टीव्ही भंगारात गेल्यानंतरची.

म्हणून उद्योग इंडियम फॉस्फाइडकडे वळला. ते जुळवणं कठीण गेलं. त्यातले बंध जास्त घट्ट आहेत, बीजं पडणं आणि वाढणं कॅडमियम सेलेनाइडइतकं नीट वेगळं करता येत नाही, म्हणून आकारात फरक राहतो आणि रंगाचा पट्टा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबींचा पसारा, थोडा रुंद येतो. कॅडमियम सेलेनाइडचा पट्टा २५ ते ३० नॅनोमीटर रुंद असतो, इंडियम फॉस्फाइडचा साधारण ३५ ते ४०. 'कॅडमियममुक्त' म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था इंडियम फॉस्फाइडला 'बहुधा कर्करोगकारक' गटात धरते. जाहिरातीत पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही.

औषधाच्या दुनियेत काय?

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दाखवलं की डॉटवर जैविक रेणू चढवून पेशींचे भाग खुणावता येतात. प्रयोगशाळेत हे तंत्र चांगलं रुळलं. एकेका कणाचा माग काढताना तो मध्येच विझतो आणि पुन्हा पेटतो, हा त्याचा चमत्कारिक स्वभावही कळला. कणात जादा विद्युतभार अडकला की मिळालेली ऊर्जा त्या भाराला ढकलण्यात जाते आणि प्रकाश बंद होतो. जाड कवचाने हे पुष्कळ आटोक्यात येतं.

रुग्णाच्या शरीरात सोडणं ही मात्र वेगळी पायरी आहे. मूत्रपिंडातून बाहेर पडण्यासाठी कण सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान लागतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. गाभा, त्यावर कवच, त्यावर आवरण असा तो सहज त्याहून मोठा होतो, मग यकृतात आणि प्लीहेत साचतो. शस्त्रक्रियेत गाठ उजळून दाखवण्याच्या कल्पना छान आहेत, पण नेहमीच्या उपचारांत त्या आलेल्या नाहीत.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाश

माझ्या मते पुढची मोठी मजल इथे आहे. सिलिकॉनचा कॅमेरा ११०० नॅनोमीटरच्या पुढच्या तरंगलांबीला आंधळा असतो, कारण त्या फोटॉनमध्ये सिलिकॉनची गॅप ओलांडण्याइतकी ऊर्जाच नसते. लेड सल्फाइडची (शिसं आणि गंधक यांच्या संयुगाची) मूळ गॅप फक्त ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. डॉट बनवून ती हवी तेवढी वाढवता येते, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशातली आपल्याला हवी ती खिडकी निवडता येते. १४५० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश जोरदार शोषतं. त्या प्रकाशात ओल काळी दिसते. फळावरचा दबलेला डाग, धान्यातला दमटपणा अशा गोष्टी तिथे उघड होतात.

हे काम करणारे इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे सेन्सर आधीपासून आहेत. पण त्यांचा स्फटिक वेगळा वाढवून सिलिकॉनच्या चिपवर जोडावा लागतो, म्हणून ते फार महाग पडतात. डॉटचं द्रावण चिपवर सरळ पसरून वाळवता येतं. शिसं मात्र त्यात आहेच.

सौर घटांबद्दल मी इतका उत्साही नाही. जास्त ऊर्जेच्या एका फोटॉनमधून दोन इलेक्ट्रॉन मिळवता येतात, हे डॉटच्या घटात सिद्ध झालं आहे: २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने ठरावीक तरंगलांबीला दर शंभर फोटॉनमागे ११४ इलेक्ट्रॉन मोजले. पण त्या घटाची एकूण कार्यक्षमता नेहमीच्या सिलिकॉन पॅनलच्या आसपासही नव्हती.

आणि क्वांटम कॉम्प्युटर?

तिथेही 'क्वांटम डॉट' हेच नाव ऐकू येतं, पण वस्तू निराळ्या. एका प्रकारात गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचे थर चढवतात. दोघांच्या अणूंमधल्या अंतरात सुमारे सात टक्के फरक असल्याने थर ताणाखाली येतो आणि आपोआप बेटं बनतात. असं एक बेट एका वेळी एकच फोटॉन देऊ शकतं, आणि गुप्त संदेशवहनाला तो उपयोगी पडतो. अशा डॉटना 'कृत्रिम अणू' म्हणायची पद्धत आहे, पण हायड्रोजनचे सगळे अणू तंतोतंत एकसारखे असतात, ही बेटं नाहीत. दोन बेटांचे फोटॉन एकमेकांशी जुळवायचे तर प्रत्येकाला ताण किंवा विद्युत क्षेत्र देऊन जागेवर आणावं लागतं.

दुसऱ्या प्रकारात बाटलीतला कण नसतो, बेटही नसतं. सिलिकॉनच्या चिपवर बारीक धातूचे इलेक्ट्रोड असतात, आणि त्यांना दिलेल्या व्होल्टेजमुळे एक इलेक्ट्रॉन काही डझन नॅनोमीटरच्या जागेत कोंडला जातो. त्याचा स्पिन, म्हणजे त्याचं चिमुकलं चुंबकत्व, वर आहे की खाली, हा झाला क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधलं माहितीचं एकक. डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. २०२३ मध्ये इंटेलने 'टनेल फॉल्स' नावाची १२ क्यूबिटची अशी चिप संशोधकांना दिली, नेहमीच्या चिप बनवण्याच्या कारखान्यातच तयार केलेली. हे सगळं चालतं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, अगदी जवळ. सिलिकॉनवरच्या ऑक्साइडमध्ये कुठेतरी एक दोष असला, एखादा भार अडकलेला असला, की शेजारच्या डॉटचं व्होल्टेज बदलून घ्यावं लागतं. बारा डॉट जुळवणं माणसाला जमतं; हजारांसाठी ते काम आपोआप करणारी सॉफ्टवेअर सध्या प्रयोगशाळांमध्ये घडवली जात आहेत.